चौथ्या पट्टीतली वाळुंजं

साखळीचं पुढचं टोक ज्याच्या हातात असतं त्यानं विचार करायचा नसतो. मागून साहेब हात करतात. जरा डावीकडं, अजून, बास. तिथं झेंडी रोवायची आणि पुढं चालायचं. मोजणी खात्यात मी जन्मभर हेच काम केलं. शिक्षण चौथी. लिहायची सवय नाही, त्यामुळं बोलतो तसंच लिहितोय.

बाहेरच्या माणसाला मोजणी म्हणजे टेप धरून हिंडणं वाटतं. आमच्या वेळची साखळी लोखंडी कड्यांची, तेहतीस फुटांची. लांबीला एक साखळी, रुंदीला एक साखळी, की झाला एक गुंठा. साखळी ताठ पाहिजे आणि सरळ पाहिजे. मध्ये झुडूप आलं की ती वर उचलली जाते, कुठं तरी पोट येतं, आणि पोट आलं की एकाचं शेत कागदावर वाढतं. मग त्या वाढलेल्या हातभर जमिनीवरून दोन घरं पोरांची लग्नं होईस्तोवर बोलत नाहीत. म्हणून मोजणीच्या आधी ओळ साफ करायची. कोयता घ्यायचा, या झेंडीपासून त्या झेंडीपर्यंत मधलं सगळं तोडायचं. साहेब यायच्या आत तोडायचं. साहेब आल्यावर तोडत बसणारा साखळीवाला आळशी. मला कुणी आळशी म्हटलं नाही.

कवठे महांकाळकडं एकदा दोन भावांच्या बांधाची मोजणी होती. थोरला पलटणीतून रिटायर होऊन आलेला. आम्ही पोचलो तर हद्दीच्या दगडावर पोतं टाकून हा बसलेला. साहेब म्हणाले, "उठा, दगड बघायचाय." तो म्हणाला, "उठायचं न्हाई. मी उठलो की धाकटा दगड सरकवतोय. तीन दिस झालं, ड्यूटीवर हाय." भाकरी तिथंच, पाणी तिथंच. शेवटी त्याच्या दोन गुडघ्यांच्या मध्ये मी झेंडी धरली आणि साहेबांनी तसंच मोजलं. धाकटा लांबून ओरडला, "दादा, त्या झेंडीला आता सलाम कर!" थोरल्यानं खरंच केला. मोजणी झाली तर दगड जिथल्या तिथं होता. दोघांचीही तोंडं उतरली.

दुसरी गोष्ट खंडाळ्याकडची. ओळीत एका घराचं काटेरी कुंपण येत होतं, आणि कुंपणाच्या बुडाशी कोंबडी खुडूक बसलेली. बाई म्हणाली, "आठ दिसांनी या की. पिल्लं निघूंद्या." साहेबांना दुपारच्या आत दुसऱ्या गावी जायचं होतं. मी कोंबडी उचलून बाजूला ठेवली आणि कुंपण तोडलं. ती परत येऊन तोडलेल्या काट्यांत बसायला बघत होती. बाईचं तोंड आता आठवत नाही. कोंबडीचं आठवतं.

माझी बायको सुभद्रा गेली त्याला सव्वा वर्ष झालं. मिरजेच्या दवाखान्यात अठरा दिवस होती. त्याबद्दल जास्त लिहिणार नाही. लोक म्हणतात, सुटली. मी म्हणतो, ती सुटली असेल, माझं काय? घरात सकाळी चहा मीच करतो आणि अजून दोन कप पाणी टाकतो. दुसरा कप ओतून देतो. हे कुणाला सांगितलं नव्हतं, इथं लिहिलं.

अशात एक दिवस एक मॅडम दारात आल्या. कॉलेजात शिकवायच्या. आमच्या गावापासून कोसभर लांब कृष्णेच्या काठावर एका जुन्या सरदाराची जागा आहे. दगडी घाट, महादेवाचं देऊळ, दोन समाध्या, भोवती तटाची भिंत. घाटाच्या खालच्या अंगाला नदीपर्यंत झाडीचा एक पट्टा. आता ती जागा ट्रस्टकडं आहे. ट्रस्टला त्या झाडीचं सुशोभीकरण करायचं होतं. म्हणजे झाडी काढायची, सिमेंटची भिंत बांधायची, बाकडी ठेवायची आणि रंगीत दिवे लावायचे. मॅडम ट्रस्टला म्हणाल्या, काय आहे ते आधी बघा तरी. माझी कॉलेजची पोरं नकाशा करतात, झाडं, पाखरं सगळं मोजतात, मग ठरवा. ट्रस्टनं दहा दिवस दिले. मॅडमना जुने हद्दीचे दगड हुडकून देणारा माणूस हवा होता, आणि मोजणीच्या कचेरीतून कुणीतरी माझं नाव सांगितलं.

मी म्हटलं, "मॅडम, मला सत्तरच्या वर वर्षं झाली. गुडघं कुरकुरत्यात."

"तुम्ही नुसतं दाखवा. चालायचं काम मुलं करतील."

गेलो. घरात बसून दोन कपांचं पाणी टाकण्यापेक्षा बरं.

नऊ पोरं-पोरी होत्या. पहिल्या दिवशी मी त्यांना करंजाच्या मुळीखाली गेलेला हद्दीचा दगड काढून दिला. कुणाला दिसत नव्हता, मला उतारावरून कळला. टाळ्या वाजवल्या गड्यांनी. नोकरीत मला टाळी कधी मिळाली नव्हती. मग मी जरा फुगलो. टेप ढिला धरला की ओरडायचो, "ए, पोट आलं, पोट आलं!" त्यांच्यातली सानिका नावाची पोरगी पटकन आपलं पोट आत ओढायची आणि सगळे हसायचे. तीच त्यांची मुकादम होती. डोक्याला रुमाल, गळ्यात दुर्बीण, आणि वहीत सारखं लिहिणं.

त्यांनी घाट मोजला, समाधीच्या पायऱ्या मोजल्या, भिंतीला किती भेगा तेही मांडलं. तिथपर्यंत मला सगळं समजत होतं. मग झाडीचं काम सुरू झालं. वरच्या भिंतीपासून पाण्यापर्यंत सरळ दोरी टाकायची, दोरीच्या दोन्ही बाजूंना दीड-दीड फुटात जे काही उगवलंय ते लिहायचं. अशी एक पट्टी. पट्ट्या चार. दोरी सरळ टाकायची म्हटल्यावर मी खूश. माझंच काम.

पण सानिका दर दोन पावलांवर थांबायची. "आजोबा, याला इकडं काय म्हणतात?"

"झुडूप."

"आणि हे?"

"तेबी झुडूपच. जरा काटं हायेत."

तिथला माळी रहिमतभाई पाठीमागून हसला. त्याच्या बापापासून त्या जागेवर कामाला. म्हणाला, "आण्णा, निम्म्या जिल्ह्याची झाडं तोडलीत तुमी आन् नाव एकाचंबी ठावं न्हाई?" मग त्यानंच तिला सांगितलं. ही निर्गुंडी, ही शेरणी, हा लव्हाळा. मी हसण्यावारी नेलं. पण ते लागलं. सुभद्राला सगळी नावं येत होती. तिला विचारायला आता उशीर झाला होता.

तिसरी पट्टी झाली त्या संध्याकाळी सानिका चौथ्या पट्टीच्या तोंडाशी उभी राहिली. तिथं झाडी सगळ्यात दाट. म्हणाली, "आजोबा, उद्या सकाळी ही शेवटची. इथून तर पलीकडचं काहीच दिसत नाही."

तिचं बोलणं एवढंच. तिचं तिच्याशी होतं. पण मी साखळीवाला. साहेब ओळीच्या तोंडाशी उभा राहून 'पलीकडचं दिसत नाही' म्हणाला, की त्याचा अर्थ जन्मभर मला एकच ठाऊक.

दुसऱ्या दिवशी उजाडायला मी कोयता घेऊन तिथं. घरातून निघताना 'कुठं निघालाय? कोयता कशाला?' असं विचारणारं कुणी नव्हतं. असतं तर मी सांगितलं असतं, आणि सुभद्रानं तिथंच अडवलं असतं. "आवं, ती पोरं झाडं मोजाय आल्यात आन् तुमी ती तोडाय निघालाय व्हय?" एवढं साधं होतं ते. मला ते सुचलं नाही. खरं सांगतो, हात चालायला लागला तसं मला लय दिवसांनी बरं वाटलं. कोयत्याला धार होती, गुडघेही बोलले नाहीत. तासाभरात वरच्या भिंतीपासून पाण्यापर्यंत तीन फूट रुंद ओळ काढली. खालची नदी तर दिसलीच, पलीकडच्या काठावरचा उसाचा फड दिसला. तोडलेलं सगळं एका बाजूला रचलं. आणि रहिमतभाईच्या खोपीत जाऊन चुलीपाशी बसलो.

पोरं आली. त्यांचं रोजचं बोलणं एकदम थांबलं, तेव्हा मी बाहेर आलो. सानिका ओळीत मधोमध खाली बसली होती, हातानं जमिनीवर काहीतरी चाचपत होती.

मॅडमचा चेहरा लाल झालेला. "बघा, दहा दिवसांचा शब्द दिला होता यांनी. माळ्याकडून रातोरात तोडून घेतलं." त्यांनी तिथूनच ट्रस्टच्या व्यवस्थापकाला फोन लावला. स्पीकरवर आवाज ऐकू येत होता. तो म्हणाला, "मॅडम, मी काही सांगितलेलं नाही. रहिमतनं परस्पर केलं असेल तर आज त्याला कामावरून काढतो. तसाही तो म्हातारा झालाय."

रहिमतभाई हातात चहाची किटली घेऊन माझ्या शेजारी उभा. त्यानं माझ्या धोतराकडं बघितलं. धोतराला सगळीकडं हिरवे डाग आणि पानांचा चुरा. मग त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं.  ओठ मिटून कप भरायला लागला. नोकरी जात होती माणसाची.

मी लगेच बोललो असं लिहिलं तर खोटं होईल. त्यानं तीन कप भरेपर्यंत मी गप्प होतो. मनात आलं, याला काय, दुसरं काम मिळेल. असंही आलं, ते लपवत नाही. चौथा कप त्यानं माझ्याकडं केला आणि मला तो धरवेना.

"मॅडम," मी म्हटलं, "फोन ठेवू नका. त्यांना सांगा, रहिमतभाईनं तोडलं न्हाई. मी तोडलंय."

"तुम्ही? कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणी न्हाई. ओळ साफ केली. आमच्यात मोजायच्या आधी करत्यात."

एक पोरगा हसला आणि त्याचा त्यानंच थांबला. सानिका उठून माझ्यासमोर आली. रागावून ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळू बोलली. "आजोबा, काठावर वाळुंजाची मोठी झाडं सगळीकडं आहेत. म्हातारी. पण नवीन रोपं कुठंच नव्हती. फक्त इथं होती. पाच. मी पहिल्या दिवशी बघून ठेवली होती. ट्रस्टला तीच दाखवायची होती. झाडी अजून स्वतः वाढतेय, नुसतं जुनं गचपण नाही, हे त्या पाच रोपांवरून कळलं असतं."

"पाची तोडली मी?"

"पाचही."

मी म्हटलं, "मला ती झुडपं वाटली." यापेक्षा मोठा मूर्खपणा मी आयुष्यात बोललो नसेन. पण खरं तेच होतं.

रहिमतभाई पुढं झाला. म्हणाला, "ताई, रडू नगा. वाळुंज बुडातनं फुटतंय. आन् बुडखं हायेत की जाग्यावर. बुडखं मोजा." मॅडम विचारात पडल्या. मग म्हणाल्या, होय, बुडखे मोजता येतील, तोडलेल्या ढिगातली फांदी बुडख्याशी जुळवून नाव लावता येईल. वेळ लागेल.

तो सगळा दिवस आम्ही त्या ढिगाशी बसलो. मी एक एक फांदी काढून देई, बुडखं दाखवी. माझा घाव मला ओळखू येतो, कोयता डावीकडून तिरपा लागतो. एक फांदी हातात घेतली आणि तिचा वास आला. उग्र, औषधासारखा. माझ्या गुडघ्यांचा वास. सुभद्रा याच पाल्याचं पाणी उकळून माझे गुडघे शेकायची. साठीच्या आधीपासून.

"ही निर्गुंडी," मी म्हटलं. रहिमतभाई माझ्याकडं बघत राहिला.

ती मला सांगायची, "रानात हिंडताय, निर्गुंडी दिसली तर वंजळभर पाला आणा." मी दर वेळी भलतंच काहीतरी आणायचो. एकदा आणलेल्या पाल्यानं तिच्या हाताला खाज सुटली होती. शेवटी ती स्वतःच ओढ्याकाठी जाऊन आणायची, म्हातारपणीही. मी तोडलेल्या ओळींत दर पावसाळ्यानंतर किती निर्गुंड्या गेल्या असतील. मी त्यांच्यावर पाय देऊन साखळी ओढली आणि ती गुडघ्यांसाठी पाला हुडकत ओढ्याला गेली. एवढ्या वर्षांत 'चल, मला दाखव कशी असते ती' एवढं म्हणायला मला काय धाड भरली होती?

संध्याकाळी नकाशाचा प्रश्न आला. मॅडम म्हणाल्या, "काका, चौथ्या पट्टीत काय झालं ते आम्ही लिहीत नाही. बुडखे मोजून आकडे लावतो. तुमचं नाव कशाला मध्ये?"

सानिकानं वही मिटली. तिला ते पटलेलं नव्हतं, दिसत होतं.

मी म्हटलं, "मॅडम, मी आजपर्यंत कितीतरी नकाशांना हात लावला. एकावरबी खोटी रेघ न्हाई. लिवा. चौथी पट्टी पाहणीच्या आधी तोडलेली, आन् कुणी तोडली तेबी लिवा."

"नक्की?"

"न्हाई तर हे ट्रस्टवाले परत म्हणतील, रहिमतनं तोडली."

सानिकानं लिहिलं. तिनं मला वाचून दाखवलं, नाव बरोबर आहे का विचारलं. मी वडिलांचंही घालायला लावलं.

पुढं देवळाच्या ओवरीत ट्रस्टची बैठक झाली. पोरांनी नकाशे भिंतीला लावले. सानिका बोलली, लय चांगली बोलली. पुराच्या पाण्यात हीच झाडी काठ धरून ठेवते, कुठली पाखरं इथं घरटी करतात, समाधीच्या चौथऱ्याखालची माती कशानं टिकून आहे. ट्रस्टची माणसं आपसात बोलली. मग व्यवस्थापक उठला. म्हणाला, भिंत रद्द. झाडी राहू द्या. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

मग तो म्हणाला, "फक्त बायकांना पूजेला पाण्यापर्यंत जायला एक वाट लागेल. ती चौथ्या पट्टीतून काढू. ती मोकळीच आहे."

मी उभा राहिलो. बैठकीत उभं राहायची मला सवय नाही. "साहेब, मोकळी न्हाई. तिथं पाच वाळुंजांची बुडखी हायेत. फुटतील ती. वाट दुसरीकडनं काढा."

"दुसरीकडनं काढायची म्हणजे परत तोडायला लागेल. त्यापेक्षा तुमीच तोडून ठेवलीय की!"

सगळे हसले. वाईट मनानं हसले नाहीत. सानिका हसली नाही. मॅडमनी मला खाली बसायची खूण केली. बाकी सगळी झाडी वाचत होती, तीन फुटांसाठी भांडण नको, असं त्यांचं म्हणणं. बरोबरच होतं. मी खाली बसलो.

महिन्याभरानं रहिमतभाई घरी आला. म्हणाला, "आण्णा, वाटंचं काम निघालंय. फरशीचं दगड बसवायचं मलाच सांगितलंय. दोरी धराय तुमी या. न्हाई तर कुणीतरी पोरगं येऊन सरळ रेघ मारंल." एवढंच म्हणून माझ्याकडं बघत बसला. मी चहा टाकला. दोघंच होतो, दोन कप लागले.

दुसऱ्या दिवशी गेलो. पहिलं बुडखं डावीकडं राखून दोरी वळवली. दुसऱ्यासाठी उजवीकडं वळलो, तिथं खडक लागला, जागा नव्हती. ते वाटेखाली गेलं. रहिमतभाईनं त्यावर दगड ठेवताना माझ्याकडं बघितलं नाही. तिसरं आणि चौथं राखता आलं. पाचवं अगदी पाण्याच्या तोंडाशी, पायरीच्या जागी. तेही गेलं. पाचांतली तीन राहिली. त्यांच्याभोवती आम्ही दगडांचं आळं केलं.

वाट पुरी झाली त्या दिवशी व्यवस्थापक बघायला आला. वर भिंतीपाशी उभा राहिला, खाली नदीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"काय हो, जन्म मोजणीत काढलात म्हणं. आन् ही वाट? साप गेल्यागत?"

मी दोरी गुंडाळत होतो. म्हटलं, "मोजूनच वाकडी केलीय, साहेब."